फलनाची व्याप्ती सांगता येते, मग सहप्रांत कशासाठी?

खाडीकाठ

माझी मुलगी यंदा अकरावीला विज्ञान शाखेत गेली आहे. दहावीपर्यंत ती आमच्या खाडीकाठच्या गावातल्या मराठी शाळेत शिकली. आता तालुक्याच्या ठिकाणी सारे गणित इंग्रजी शब्दांतून समोर आल्यामुळे पहिल्याच महिन्यात डोमेन, कोडोमेन आणि रेंज या तीन शब्दांपाशी तिचे पाऊल अडखळले. फलनात (फंक्शनमध्ये) काय घालता येते ते डोमेन आणि त्यातून काय बाहेर येते ती रेंज, एवढे तिला पटले आहे. बाहेर काय येते ते रेंजने सांगितलेच असेल तर कोडोमेन नावाचा आणखी एक संच मध्ये कशाला आणला, हा तिचा प्रश्न आहे. वर्गात तिने तो विचारला तेव्हा व्याख्येत आहे म्हणून लिहायचा, असे उत्तर मिळाले आणि ती अधिकच खट्टू झाली.

तिच्या वहीत दोन उदाहरणे शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींत फ(क्ष) = क्ष² हेच सूत्र आहे, तरी पहिल्याचे उत्तर ‘ऑन्टू नाही’ आणि दुसऱ्याचे उत्तर ‘ऑन्टू आहे’ असे दिले आहे. सूत्र तसूभरही बदललेले नसताना उत्तर उलटे कसे होते, हे मलाही तिला सांगता आले नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. जाणकारांनी कृपया सोप्या मराठीतून, पण काहीही न गाळता सांगावे.

फळाखडू

खाडीकाठ ताई, मी सावंतवाडीच्या बाजूला तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो. तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, हे तिला आधी सांगा. आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. डोमेनला मी प्रांत म्हणतो, कोडोमेनला सहप्रांत आणि रेंजला व्याप्ती.

तुम्ही खाडीकाठच्या आहात, तेव्हा तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा ठोकळ नियम तुमच्या घरात कुणाला ना कुणाला ठाऊक असणारच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती, तृतीयेला सव्वादोन, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. ज्यांना पाऊणकीचा पाढा पाठ होता ती जुनी माणसे हे बोलता बोलता सांगत.

हा नियम म्हणजे एक फलन आहे. त्याचा प्रांत कोणता? प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचे, किंवा अमावास्येपर्यंतचे, १ ते १५ हे पंधरा आकडे. साडेचार ही तिथी पंचांगात नाही, म्हणून ४.५ प्रांतात नाही, जरी ४.५ ची पाऊणपट सहज करता येत असली तरी. विद्यार्थ्यांचा पहिला गैरसमज इथेच सुटला पाहिजे. सूत्रात आकडा घालता येतो एवढ्यावरून तो प्रांतात येत नाही. प्रांत कोणता ते फलन मांडणाऱ्याने सांगायचे असते. नुसते सूत्र देऊन प्रांत काढा असे पुस्तक म्हणते, तेव्हा ज्या ज्या वास्तव संख्यांना सूत्र अर्थपूर्ण आहे त्या सगळ्या घ्यायच्या असा एक संकेत आपण पाळतो, इतकेच.

सहप्रांत कोणता? उत्तर म्हणून आपल्याला घड्याळाची वेळ हवी आहे. म्हणून आपण आधीच ठरवतो की उत्तर बारा तासांच्या तबकडीवरची एखादी वेळ असेल. अजून एकाही तिथीची पाऊणपट केलेली नाही, तरी हे ठरवता येते. सहप्रांत म्हणजे हे आधी दिलेले वचन आहे: उत्तर जे काही येईल ते या संचातलेच असेल.

आणि व्याप्ती? ती मात्र हिशेब केल्यावरच कळते. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार अशी मोजत गेलात की सव्वाअकरापर्यंत पंधरा वेळा मिळतात. तबकडीवर सात वाजल्याची खूण आहे, पण सात ही वेळ या नियमातून कधीही बाहेर पडत नाही, कारण कोणत्याही पूर्ण आकड्याची पाऊणपट सात होत नाही. सात सहप्रांतात आहे आणि व्याप्तीत नाही. सहप्रांतातली प्रत्येक वेळ कोणत्या ना कोणत्या तिथीला आली असती तर आपण या फलनाला ऑन्टू म्हटले असते. तशी ती येत नाही, म्हणून हे फलन ऑन्टू नाही.

आता वहीतल्या वर्गाच्या उदाहरणाकडे वळा. पहिल्यात सहप्रांत सर्व वास्तव संख्यांचा आहे. त्यात उणे चार आहे आणि कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग उणे चार नसतो, म्हणून ते फलन ऑन्टू नाही. दुसऱ्यात सहप्रांत शून्य आणि धन संख्यांचा घेतला आहे. त्यातल्या प्रत्येक संख्येला वर्गमूळ आहे, म्हणून तेच सूत्र ऑन्टू ठरते. सूत्र बदलले नाही हे खरे, पण फलन बदलले. प्रांत, सहप्रांत आणि जोडणी लावण्याचा नियम या तिन्हींचे मिळून एक फलन होते. तिन्हींतले एकही बदलले तरी वेगळे फलन झाले असे धरतात. ऑन्टू आहे की नाही, हा प्रश्न एकट्या सूत्राला विचारता येतच नाही.

भांगउधाण

आमचे घर पिढ्यानपिढ्या मासेमारीचे, देवगडच्या बाजूचे. गुरुजींचे उदाहरण वाचून बरे वाटले, पण दोन शंका मनात आल्या त्या मांडतो.

पहिली अशी की एका तिथीला भरती एकदाच येत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून अष्टमीला सकाळी सहाला पाणी भरले तर संध्याकाळी साडेसहाच्या आगेमागे ते पुन्हा भरते. फलनात एका आकड्याला एकच उत्तर असावे लागते असे मीही शाळेत शिकलो होतो. मग हे फलन कसे?

दुसरी शंका अमावास्येची. पंचांगात अमावास्येपुढे ३० हा आकडा छापलेला असतो. नवीन माणूस ३० ची पाऊणपट करतो, साडेबावीस म्हणजे रात्री साडेदहा असे धरतो आणि पाऊण तास आधीच जेटीवर जाऊन उभा राहतो. माझ्या धाकट्या भावाचे असे प्रत्यक्ष झाले आहे.

फळाखडू

दोन्ही शंका मोलाच्या आहेत आणि दोन्हींचे उत्तर या तीन संचांतच आहे.

अमावास्येचे आधी घेतो. नियमाचा प्रांत १ ते १५ आहे आणि ३० त्यात नाही. दोन्ही पक्षांत तिथी एकपासून मोजायची, म्हणून अमावास्या या नियमापुरती पंधरावी. प्रांताबाहेरचा आकडा सूत्रात घातला तरी सूत्र तक्रार करत नाही, ते मुकाट्याने काहीतरी उत्तर देते. साडेदहा ही चतुर्दशीची वेळ आहे. तुमच्या भावाला अमावास्येच्या दिवशी चतुर्दशीचे उत्तर मिळाले आणि ते दिसायला अगदी खऱ्यासारखे असल्यामुळे चूक लक्षात आली नाही. शून्याने भागायची वेळ आली तर निदान हिशेब तिथेच थांबतो. इथे तसेही होत नाही. प्रांत लिहून ठेवण्याची सवय मी एवढ्या आग्रहाने का लावत असे, ते यावरून कळावे.

आता दोन भरत्यांचे. माझे फलन बारा तासांच्या तबकडीवरची एकच खूण दाखवते आणि सकाळची व संध्याकाळची भरती ठोकळमानाने त्याच खुणेपाशी येते, म्हणून एका तिथीला एकच उत्तर मिळते. तुम्हाला चोवीस तासांतल्या खऱ्या वेळा हव्या असतील तर सहप्रांत बदलावा लागेल आणि वेळांच्या जोड्यांचा संच घ्यावा लागेल. मग अष्टमीला ‘सकाळी सहा, संध्याकाळी साडेसहा’ ही एक अख्खी जोडी उत्तर म्हणून येईल आणि ते पुन्हा फलन होईल. सहप्रांत साध्या वेळांचाच ठेवून एका तिथीला दोन वेळा जोडल्या, तर तो संबंध होईल पण फलन होणार नाही. उत्तर कोणत्या प्रकारचे हवे आहे हे आधी ठरवल्याशिवाय फलन आहे की नाही हेसुद्धा सांगता येत नाही, असे तुमच्या शंकेतून निघाले. मला हे उदाहरण आजवर वर्गात सुचले नव्हते.

ओघाने आणखी एक गोष्ट सांगतो. पंधरा तिथींत भरतीची वेळ तबकडीभर फिरून पुन्हा जागेवर येते, म्हणजे प्रत्येक तिथीला सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, म्हणून नियम थोडा मागे राहतो. त्यात प्रत्येक बंदराचा फरक निराळा. पण तोंडी हिशेबाला पाऊणकीच सोयीची.

प्रमेय

मी मूळचा गुहागरचा, सध्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुरुजींनी वचनाची कल्पना सांगितली, तिच्यामुळे मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. उरलेले अर्धे असे की व्याप्ती काढणे पुष्कळदा अवघड असते, कधी कधी आज कुणालाच येत नाही, आणि तरीही फलनाबद्दल बोलावे तर लागतेच.

एक उदाहरण देतो, ते अकरावीच्या मुलीलाही पूर्ण कळेल. तीन पूर्णांक घ्यायचे, धन, ऋण किंवा शून्य, आणि त्यांच्या घनांची बेरीज करायची. प्रांत पूर्णांकांच्या त्रिकुटांचा आणि सहप्रांत सर्व पूर्णांकांचा. हे फलन लिहायला एक ओळ पुरते. याची व्याप्ती कोणती? कोणत्याही घनाला ९ ने भागले तर बाकी ०, १ किंवा ८ उरते. अशा तीन बाक्या मिळवून, पुन्हा ९ ने भागून पाहा: बाकी ४ किंवा ५ कधीच येत नाही. म्हणून ४, ५, १३, १४ अशा संख्या व्याप्तीत नाहीत, हे पानभर हिशेबात सिद्ध होते. उरलेल्या सगळ्या संख्या व्याप्तीत आहेत का, हे मात्र आजही सिद्ध झालेले नाही. ३३ ही संख्या व्याप्तीत आहे हे २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या अँड्र्यू बुकर यांनी संगणकाच्या मदतीने दाखवले, आणि त्यासाठी लागलेले तिन्ही पूर्णांक सोळा-सोळा अंकी निघाले. त्याच वर्षी बुकर आणि अँड्र्यू सदरलँड यांनी ४२ चे त्रिकूट शोधले. ११४ चे त्रिकूट अजून सापडलेले नाही.

व्याप्ती सांगितल्याशिवाय फलन लिहायचेच नाही असा नियम असता, तर हे फलन आपल्याला लिहिताच आले नसते, मग ते सोडवण्याची गोष्ट दूरच. सहप्रांत असल्यामुळे आपण आधी फलन मांडू शकतो आणि नंतर त्याच्या व्याप्तीचा शोध घेऊ शकतो.

आता परीक्षेपुरते, कारण तिला तेही लागेल. व्याप्ती काढण्याची माझी नेहमीची रीत अशी: य = फ(क्ष) लिहायचे आणि क्ष ला य च्या रूपात काढायचे; कोणत्या य साठी प्रांतातला क्ष मिळतो ते पाहायचे. उदाहरणार्थ, फ(क्ष) = (क्ष + १)/(क्ष − २) मध्ये प्रांतातून २ वगळावा लागतो. उलट सोडवले की क्ष = (२य + १)/(य − १) मिळते, म्हणून य ला १ ही किंमत कधीच मिळत नाही. व्याप्ती म्हणजे १ सोडून सर्व वास्तव संख्या.

(क्ष² − ४)/(क्ष − २) या सूत्रात वरचे पद फोडून क्ष + २ असे सोपे रूप करतात आणि मग सगळ्या संख्या चालतात असे लिहून मोकळे होतात. सोपे रूप केले तरी मूळ फलनाच्या प्रांतात २ नव्हता, तो आता येणार नाही. आणि २ नाही म्हणून व्याप्तीत ४ नाही. या एका उदाहरणात दोन गुण गमावलेले मी स्वतः पाहिले आहेत.

सुपारीबाग

मी श्रीवर्धनला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दोन गोष्टींची भर घालते.

तुमच्या मुलीने जुनी पुस्तके चाळली तर तिचा गोंधळ वाढण्याचा संभव आहे. काही पुस्तकांत रेंज हा शब्द आपण ज्याला सहप्रांत म्हणतो आहोत त्या अर्थाने वापरलेला असतो, आणि खरोखर मिळणाऱ्या किमतींच्या संचाला तिथे इमेज म्हणतात. म्हणून कोणतेही पुस्तक हाती घेतले की पहिल्या प्रकरणात रेंजची व्याख्या काय दिली आहे ते पाहून मगच पुढे जावे.

दुसरे असे की सूत्र म्हणजेच फलन असे तिला वाटते, यात तिचा काही दोष नाही. ऑयलर यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फलनाची व्याख्या जवळपास तशीच, म्हणजे चल आणि स्थिर राशींपासून बनलेले सूत्र, अशी केली होती. प्रांतातल्या प्रत्येक किमतीला एक निश्चित किंमत जोडलेली असली की पुरे, ती सूत्रातून यावी असे बंधन नाही, ही दृष्टी १८३७ च्या सुमारास डिरिक्ले यांच्या लेखनातून रुजली. सहप्रांताला स्वतंत्र महत्त्व आले ते त्याच्याही खूप नंतर, विसाव्या शतकात संचांच्या भाषेत गणित लिहिले जाऊ लागल्यावर. थोर गणितज्ञांनाही जे वेगळे करायला एवढा काळ लागला, ते एका महिन्यात अंगवळणी पडावे ही अपेक्षा आपणच चुकीची ठेवतो.

सहप्रांताचा उपयोग वर्षअखेरीस तिला व्यस्त फलनाच्या वेळी प्रत्यक्ष दिसेल. १५०° चा साइन अर्धा आहे. कॅल्क्युलेटरला अर्ध्याचा व्यस्त साइन विचारा, तो ३०° सांगतो. यंत्र बिघडलेले नसते. साइनचा प्रांत सगळे कोन ठेवला तर एकाच किमतीला अनेक कोन येतात आणि उलट जाता येत नाही. म्हणून प्रांत −९०° ते ९०° एवढाच कापून घेतात आणि सहप्रांत −१ ते १ एवढा ठेवतात. या दोन कापांनंतरच व्यस्त फलन अस्तित्वात येते. एका फलनातून दुसऱ्यात जातानाही हेच तपासावे लागते. आधी ३ − क्ष काढून मग त्याचे वर्गमूळ घ्यायचे असेल, तर पहिल्या फलनाची व्याप्ती दुसऱ्याच्या प्रांतात बसली पाहिजे, आणि ती बसवण्यासाठी क्ष ला ३ च्या पुढे जाऊ देता येत नाही. होडी ज्या जेटीला लागते तिथूनच एसटी सुटत असेल तर प्रवास पुढे चालू राहतो, असे मी वर्गात सांगते.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी मिळून सगळे उतारे वाचले. आजीला पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, त्यामुळे पंधरा वेळांचे कोष्टक तिनेच सांगितले आणि मुलीने लिहिले.

त्यानंतर तिने पुस्तकातले एक उदाहरण सोडवले. फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + ७ आणि प्रांत ० ते ५. तिने दोन्ही टोकांना किमती काढल्या, ७ आणि १२ आल्या, म्हणून व्याप्ती ७ ते १२ लिहिली. पुस्तकाचे उत्तर ३ ते १२ आहे. चूक कुठे झाली? शिवाय तिचा एक नवा प्रश्न आहे: सहप्रांत आपणच निवडायचा असेल, तर वाटेल तो निवडता येईल का?

प्रमेय

टोकांच्या किमती काढल्या पण मधला मार्ग पाहिला नाही, एवढीच चूक आहे. पूर्ण वर्ग करून पाहा: सूत्र (क्ष − २)² + ३ असे होते. वर्ग कमीत कमी शून्य, तो क्ष = २ ला, आणि २ प्रांतात आहे. म्हणून आलेख ७ पासून खाली ३ पर्यंत उतरतो आणि मग १२ पर्यंत चढतो. प्रांत ३ ते ५ असता तर मात्र टोकांवरून काम भागले असते, कारण तिथे आलेख फक्त चढतो आणि व्याप्ती ४ ते १२ येते.

नव्या प्रश्नाचे उत्तर: वाटेल तो नाही. सहप्रांतात व्याप्ती पूर्णपणे मावली पाहिजे, नाहीतर वचन मोडते. याच उदाहरणात सहप्रांत ० ते १० लिहिला तर क्ष = ५ ला उत्तर १२ येईल, ते त्या संचात नाही, आणि मग आपण लिहिलेली गोष्ट फलनच राहत नाही. मोठा संच घेतला तर चालतो, लहान घेतला तर चालत नाही.

खाडीकाठ

हे दोन्ही तिला लगेच समजले. कोष्टक पाहता पाहता तिने आणखी विचारले की सात ही वेळ व्याप्तीत नाही, तर आमच्या खाडीत सात वाजता भरती कधीच येत नाही का? आजी म्हणाली की येते, तिने कितीदा पाहिली आहे. मग मला काय सांगावे ते सुचेना.

भांगउधाण

आजी बरोबर सांगतात. सात वाजता भरती येते, मीही त्या पाण्यावर होडी काढली आहे. ती नवमी आणि दशमीच्या मधली भरती. नवमीचा आकडा पावणेसातवर आणि दशमीचा साडेसातवर थांबतो, पण चंद्र मध्ये थांबत नाही, तो सारखा पुढे जात असतो. आपल्या नियमाच्या प्रांतात पंधराच आकडे आहेत, म्हणून उत्तरेही पंधराच. समुद्राकडे मधले सगळे क्षण आहेत. बंदरावर भरती-ओहोटीचे छापील कोष्टक लावलेले असते त्यात मिनिटांपर्यंतच्या वेळा असतात, कारण ते तिथीच्या आकड्यावरून काढलेले नसते. मुलीला एकदा जेटीवर नेऊन तिच्या वहीतले कोष्टक आणि भिंतीवरचे कोष्टक शेजारी-शेजारी धरून दाखवा.

फळाखडू

आणि घरी परतल्यावर तिला एवढेच करायला सांगा: त्या भिंतीवरच्या कोष्टकाचे फलन शब्दांत मांडायचे, प्रांत कोणता, सहप्रांत कोणता, ते लिहायचे. व्याप्ती तिने महिनाभराच्या नोंदी पाहून काढावी आणि इथे टाकावी, मी तपासून देईन.